नववीतल्या लेकीला राणीचं वकीलपत्र मिळालंय, मुद्दे सुचवा

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत येत्या शनिवारी इतिहासाच्या तासाला अभिरूप न्यायालय आहे, विषय फ्रेंच राज्यक्रांती, आरोपी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. चिठ्ठ्या टाकल्या त्यात सरकारी वकील झाला वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा आणि आमच्या बाईसाहेबांच्या वाट्याला आलं राणीचं वकीलपत्र. घरी आल्यापासून तोंड फुगलंय. "जिने लोकांना पाव नाही तर केक खा म्हटलं तिची बाजू मी काय घेऊ?" आता मला तरी कुठे काय येतंय, मला पण तो केकच आठवतो आणि ते हातभर उंच केसांचं चित्र.

तर तिच्या बाजूने खरंच काही बोलण्यासारखं आहे का, की नुसतं 'गरीब बिचारी' करायचं? पाच मिनिटं मिळणारेत. नेटवर शोध म्हणू नका, तिथे ती एकतर देवी असते नाहीतर चेटकीण.

टवाळखोर
मी पैला. केकची रेसिपी द्या, पुढचं पुढे बघू.

बखरकार
केकपासूनच सुरुवात करा, कारण तो तिचा नाहीच. रूसो या विचारवंताच्या आत्मचरित्रात एका 'थोर राजकन्येचा' किस्सा आहे, रयतेला पाव मिळत नाही म्हटल्यावर मग ब्रिओश खा म्हणे. नाव कुठेच नाही. आणि हा भाग त्याने लिहिला १७६० च्या दशकात, तेव्हा आपली आरोपी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या माहेरी परकर नेसून बागडत होती, नऊ-दहा वर्षांची. फ्रान्सचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

उलट १७७५ मध्ये पिठाच्या दरावरून दंगली झाल्या, त्याच उन्हाळ्यात तिने आईला लिहिलेलं पत्र आहे. स्वतः हालात असून लोक आपल्याशी इतकं चांगलं वागतात, म्हणजे त्यांच्या सुखासाठी झटणं आपल्यावर बंधनकारक आहे, असा त्याचा मथितार्थ. झटली किती ते सोडा. पण केकवालं वाक्य आणि हे पत्र एका माणसाचं वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 'ध चा मा'. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३, म्हणजे ही युवराज्ञी होती तेव्हाच. आनंदीबाईंनी खरंच 'धरावे'चं 'मारावे' केलं का यावर अभ्यासक आजही भांडतात, पण शाळेतल्या पोराला विचारा, एका अक्षरात बाईचा निकाल लागलेला असतो.

भोचक_भवानी
+१ बखरकार. राज्य बुडालं की आधी बाईच्या तोंडाकडे बघायचं.

सुगरणकाकू
टवाळखोर, ब्रिओश म्हणजे केक नव्हे रे. भरपूर लोणी आणि अंडी घातलेला मऊ पाव. म्हणजे भाकरी नसेल तर पुरणपोळी खा म्हटल्यासारखं झालं. कृती देईन नंतर, आत्ता कुकर लावलाय.

नागपुरी_तर्री
काय बे, तुम्ही लोक राणीचे वकील होऊन राहिले सगळे. रयत उपाशी मरून राहिली होती अन् ही बाई खोटं खोटं खेडं बांधून त्यात गवळण गवळण खेळून राहिली होती. आम्ही स्वतः पाहून आलो तिच्या राजवाड्यात, व्हर्सायला, तिथं तळं आहे, बदकं आहेत, गवताच्या छपराची घरं आहेत. आमच्या गावात असलं घर असलं तर सरपंच घरकुल योजनेत नाव घालते अन् हिनं हौस म्हणून बांधलं. माझ्याकडून गिलोटिन.

चिंगीची_आई
@नागपुरी_तर्री दादा, तुम्ही विरुद्ध पार्टीत जा बरं, त्या मुलाला आधीच खूप मुद्दे येतात :(

हिशेबनीस
खेड्याचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं आकड्यांत बोलू, माझं पोट त्यावरच आहे. १७८८ चा फ्रान्सचा जमाखर्च साधारण असा. खर्च ६३ कोटी लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन), जमा ५० कोटी. खर्चातला निम्मा, म्हणजे ३१-३२ कोटी, नुसता जुन्या कर्जाच्या व्याजात आणि फेडीत जायचा. सैन्य-आरमार पाव हिस्सा. आणि अख्खा दरबार, म्हणजे राजा, राणी, राजाचे भाऊ, चुलते, घोडे, कुत्रे, नोकर सगळं धरून साडेतीन कोटी, शेकडा सहाच्या आसपास. राणीने उद्यापासून खादी नेसून सूत कातलं असतं तरी भोक बुजलं नसतं.

भोक पाडलं लढायांनी. इंग्रजांना जेरीस आणायला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरले आणि त्यात शंभर कोटींच्या वर लिव्हर गेले, जवळजवळ सगळे कर्जाऊ. त्यात सरदार आणि चर्च मुख्य कर भरत नव्हते, बोजा सगळा शेतकऱ्याच्या मानेवर. १३ जुलै १७८८ ला गारपिटीने उभं पीक झोडपलं, त्यावर कडाक्याचा हिवाळा, आणि पुढच्या वर्षी मजुराची मजुरी पावातच संपायला लागली. घरात वडिलांनी सावकाराकडून बेसुमार उचल केलेली आणि बोंब मात्र सुनेच्या साड्यांची.

आता साड्या. त्याही प्रामाणिकपणे सांगतो. कपड्यांसाठी तिला वर्षाला १ लाख २० हजार लिव्हर मंजूर होते. १७८५ मध्ये तिने उडवले २ लाख ५८ हजार. मजुराला दिवसाला एखादा लिव्हर मिळायचा. त्यामुळे लोक चिडले त्यांना मी नावं ठेवणार नाही. 'मादाम डेफिसिट' म्हणायचे तिला, मादाम तूट!

टवाळखोर
मादाम तूट =)) आमच्याकडे पण आहेत. महिन्याच्या २० तारखेनंतर.

भोचक_भवानी
टवाळखोर तुमच्या घरी हा धागा दाखवा, मग बघू गिलोटिन कोणाला.

ल्योंकर
बारा वर्षं फ्रान्समध्ये आहे म्हणून एक भर. इथे ल्योंमध्ये रेशमाचे माग होते, हजारो घरं त्यावर जगायची. १७८३ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात राणीचं एक चित्र लागलं, विजे-लब्रँ या चित्रकर्तीने काढलेलं, पांढरा साधा मलमलीचा झगा, गवती हॅट, हातात गुलाब. बोंबाबोंब झाली. एक तर म्हणे राणी आतल्या कपड्यांवर बसलीय. आणि दुसरं म्हणजे मलमल! ती आली आपल्याकडून, बंगालमधून, इंग्रज व्यापाऱ्यांच्या हातून. म्हणजे राणी फ्रेंच विणकराच्या पोटावर पाय देऊन शत्रूचं गिऱ्हाईक झाली. चित्र उतरवावं लागलं आणि त्याच ऐटीत त्याच गुलाबासकट निळ्या रेशमी पोशाखातलं नवीन लावलं.

जरतारी नेसली तर उधळी, साधं नेसली तर देशद्रोही. चिंगीला हे सांगा, वर्गातल्या मुलींना लगेच कळेल. कुठल्याही लग्नात जाऊन या.

जाता जाता, उच्चार 'मारी आंत्वानेत' बरोबर लिहिलाय, अभिनंदन. मेरी अँटोनेट वाचलं की माझ्या मुलाला हसू येतं.

पिंपळपान
माझी लेक आत्ता चौदाची आहे. राणीचं लग्न झालं १६ मे १७७० ला, तेव्हा ती साडेचौदा आणि नवरा पंधरा. आईचं पंधरावं अपत्य. ऱ्हाइन नदीतल्या बेटावर मुद्दाम बांधलेल्या मंडपात तिला फ्रेंचांच्या हवाली केलं, ऑस्ट्रियातली माणसं तिथूनच परत फिरली, लाडकं कुत्रंसुद्धा ठेवू दिलं नाही. लग्नाच्या नोंदीवर सही करताना शाईचा हा मोठा डाग पाडला, तो कागद अजून आहे. चौदाव्या वर्षी माझी लेक बँकेच्या फॉर्मवर सही करताना दोनदा चुकते.

आणि सासर कसलं! तीन बिनलग्नाच्या आत्तेसासवा कान भरायला. सासऱ्यांच्या ठिकाणी आजेसासरे पंधरावा लुई, त्यांची ठेवलेली बाई मादाम द्यु बारी. आत्यांनी शिकवलं तिच्याशी बोलू नकोस, ही पोर दीड वर्ष बोलली नाही. तेवढ्यावरून दोन देशांचे राजदूत, मंत्री, आई सगळे गॅसवर. शेवटी १ जानेवारी १७७२ ला एक वाक्य टाकलं, "आज व्हर्सायला गर्दी बरीच आहे." बस्स. परत बोलली नाही म्हणे.

त्यात मूल नाही. सात वर्षं. आईची पत्रावर पत्रं, दर महिन्याला हिशेब. पाळीला मायलेकींनी सांकेतिक नाव ठेवलेलं, 'जनरल क्रॉटेनडॉर्फ'. जनरलसाहेब आले का, कधी आले, उशीर का.

सुगरणकाकू
अगंबाई! आपल्याकडे कावळा शिवायचा, तिथे जनरल यायचा. तेवढाच फरक.

पिंपळपान
काकू =)) आणि त्यात तिचा काही दोषच नव्हता हो. १७७७ मध्ये तिचा थोरला भाऊ, बादशहा योसेफ, स्वतः आला आणि त्याने मेहुण्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात मुलगी. ती पण भर दरबारात, पाहायला इतकी गर्दी की बाळंतीण गुदमरून बेशुद्ध पडली आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. या सात वर्षांत पॅरिसच्या गल्लीबोळात छापलेली घाणेरडी चोपडी फिरत होती, राणीचं कोणाकोणाशी आहे ते सचित्र. नवरा बिचारा कुलपं दुरुस्त करत बसायचा.

नागपुरी_तर्री
सासुरवास मान्य. पण भाऊ, हिऱ्याच्या हाराचं काय? ते पण सासूनं केलं का?

बखरकार
तर्रीभाऊ, हाराच्या बाबतीत तर ती सोळा आणे निर्दोष आहे आणि तिला सगळ्यात जास्त त्यानेच बुडवलं. दोन सराफांनी ६४७ हिऱ्यांचा हार बनवून ठेवला, किंमत १६ लाख लिव्हर, तो मुळात द्यु बारीबाईंसाठी. म्हातारा लुई देवीने गेला आणि माल अंगावर पडला. राणीला दाखवला, तिने नको म्हटलं. मग ला मोत नावाच्या एका ठकबाईने कार्डिनल (चर्चचा बडा धर्मगुरू) रोहानला गाठलं. या रोहानला राणी विचारत नव्हती आणि त्याला मर्जी हवी होती. ठकबाईने राणीच्या नावाने खोटी पत्रं दिली, व्हर्सायच्या बागेत रात्री अंधारात राणीसारखी दिसणारी एक पॅरिसची बाजारबसवी उभी करून तिच्या हातून त्याला गुलाब दिला. कार्डिनलने हार उधारीवर उचलून ठकबाईच्या माणसाच्या हवाली केला. हिरे सुटे करून लंडनमध्ये विकलेसुद्धा.

गंमत म्हणजे खोटी सही 'मारी आंत्वानेत द फ्रान्स' अशी होती. फ्रान्सची राणी नुसतं नाव लिहिते, पुढे काही नाही. एवढ्या मोठ्या घराण्यातल्या कार्डिनलला ते कळू नये!

राजाने मोठ्या रागाने त्याला १५ ऑगस्ट १७८५ ला भर सणाच्या दिवशी व्हर्सायमध्ये पकडवलं आणि खटला जाहीर चालवला. ३१ मे १७८६ ला कार्डिनल निर्दोष सुटला. म्हणजे कोर्टाच्या मते राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटत असेल असं एखाद्याने समजणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. निकाल त्याचा लागला, अब्रू हिची गेली. ठकबाईला डाग दिला, तुरुंगातून ती पळाली आणि लंडनला जाऊन वर आठवणी छापल्या.

टवाळखोर
नाकापेक्षा हार जड.

वाटेवरचा_धोंडा
थोडं अवांतर, पण हे इथे लिहिलं नाही तर झोप लागणार नाही. ज्या अमेरिकेच्या लढाईत फ्रेंच बुडाले त्याच सुमाराला, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस फ्रान्सच्या राजाचा वकील, म्हणजे दूत, म्हणवत पुण्यात येऊन बसला होता. नाना फडणविसांनी त्याची चांगली बडदास्त ठेवली, ती काही प्रेमाने नव्हे, मुंबईकर इंग्रजांना घाम फुटावा म्हणून. आणि फुटला पण. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामागच्या कारणांत हे एक आहे.

दुसरं, टिपूने फ्रान्सला तीन वकील धाडले होते, इंग्रजांविरुद्ध मदत मागायला. १० ऑगस्ट १७८८ ला व्हर्सायला थाटात दरबार भरला, विजे-लब्रँने त्यांच्यातल्या दरवेश खानाचं चित्रही काढलं. आणि बरोबर सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, फ्रान्सच्या खजिन्याने देणी थांबवली. दिवाळखोराच्या दारात उसने मागायला गेलेले. चारच वर्षांनी त्याच १० ऑगस्टला लोकांनी राजवाडा फोडला.

संपादक
चर्चा छान चालू आहे. टिपूवर धागा घसरणार नाही याची काळजी घ्यावी, पूर्वानुभव ताजा आहे.

टवाळखोर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

काळाकोट
तालुका कोर्टात तीस वर्षं काढली, म्हणून या धाग्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो. तुम्ही सगळे आरोपीचं चरित्र सांगताय. चरित्र म्हणजे बचाव नव्हे. न्यायाधीश विचारेल, आरोप काय? तर आरोप मुख्यतः देशद्रोहाचा. ऑस्ट्रियाला पैसा धाडला, शत्रूशी संधान बांधलं, आतून यादवी पेटवायचा कट केला.

आणि इथे आपली पंचाईत आहे, कारण यातला मोठा भाग तिने केलेला होता. जून १७९१ मध्ये वेष पालटून सगळं कुटुंब पळालं. मुलांच्या दाईला बॅरोनेस केलं, राणी झाली तिची नोकर आणि राजा गडी. वारेन गावात पकडले गेले. पुढे एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं गेलं, आणि त्याच्या महिनाभर आधी हिने मर्सी या ऑस्ट्रियन राजदूताला पत्रातून फ्रेंच फौजा कुठून कुठे चाल करणार ते कळवलं. ज्या देशाची राणी त्याच देशाच्या सैन्याची. माझ्या मुलाने सरहद्दीवर जीव दिला असता आणि हे मला कळलं असतं तर मीही सांगितलं असतं, द्या फाशी.

पण! कोर्टापुढे त्या पत्राचा कागद नव्हता. तो पुरावा पुढच्या शतकात व्हिएन्नाच्या दफ्तरातून बाहेर आला. ऑक्टोबर १७९३ मध्ये सरकारी वकील फुकिए-तँव्हिलकडे चाळीसेक साक्षीदार होते, बरेचसे ऐकीव बोलणारे. कोणी म्हणे पलंगाखाली दारूच्या बाटल्या पाहिल्या. आणि मग एबेर नावाच्या माणसाने तो किळसवाणा आरोप केला, आठ वर्षांच्या मुलाकडून सही घेऊन, की आईने त्याच्याशीच वाईट चाळे केले. ती गप्प राहिली. ज्युरीतल्या एकाने उत्तर मागितलं तेव्हा उठली आणि म्हणाली, आईवर असा आरोप झाला तर निसर्गच उत्तर द्यायला नकार देतो, इथे बसलेल्या सगळ्या आयांना मी विचारते. तिला शिव्या घालायला आलेल्या बायका चुळबुळल्या.

तिच्या वकिलांना, शोवो-लागार्द आणि त्रोंसों द्यु कुद्रे, आदल्या दिवशी कळवलं. गठ्ठाभर कागद आणि एक रात्र. त्यांनी तिला तीन दिवसांची मुदत मागायला लावली, तिने अर्ज लिहिला, उत्तरच आलं नाही. आणि खटला संपताक्षणी वकिलांनाच ताब्यात घेतलं. चिंगीताईला सांगा, तुला एक आठवडा मिळालाय, तू नशीबवान आहेस.

माझा सल्ला, 'ती निर्दोष होती' असं एकदाही म्हणायचं नाही. 'सिद्ध करा' एवढंच म्हणायचं.

चिंगीची_आई
काळाकोट काका, हे मोठ्याने वाचून दाखवलं. तोंड उतरलंय फुगा पडल्यासारखं, म्हणजे चांगल्या अर्थाने. वही काढून बसलीय.

नागपुरी_तर्री
काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण मंग गुन्हा तर केलाच ना तिनं? पुरावा नाही म्हणून सोडाचं, अन् नंतर सापडला तर? गचाळ खटला चालवून बरोबर माणसाला शिक्षा झाली, असंच झालं ना हे.

काळाकोट
तर्रीभाऊ, बरोबर माणसाला शिक्षा झाली हे आपल्याला आज माहीत. त्यांना माहीत नव्हतं. त्याच कोर्टाने त्याच पद्धतीने पुढे शेकडो लोक गाडीत घातले, त्यांच्या घरचे कागद कुठल्याच व्हिएन्नात सापडले नाहीत. एबेर स्वतः पाच महिन्यांत गिलोटिनखाली गेला, फुकिए १७९५ मध्ये.

पिंपळपान
एक राहिलं. निकाल लागला पहाटे चारच्या सुमाराला. साडेचारला कोठडीत बसून नणंदेला पत्र लिहिलं, मुलाने बापाच्या मरणाचा सूड घ्यायचा विचारही करू नये म्हणून. ते नणंदेपर्यंत पोचलंच नाही. राजाला नेताना बंद घोडागाडी होती, हिला उघडा छकडा आणि हात मागे बांधलेले. वर चढताना जल्लादाच्या पायावर पाय पडला तर म्हणाली, माफ करा, मुद्दाम नाही केलं. ३८ वं पुरं व्हायला दोन आठवडे होते. चौक तोच, जिथे तिच्या लग्नाच्या आतषबाजीत चेंगराचेंगरी होऊन १३२ माणसं गेली होती.

ल्योंकर
त्या चौकात आता खांब आहे आणि भोवती कायम ट्रॅफिक जॅम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आईला व्हिडिओ कॉल करून दाखवत होतो, ती म्हणाली सिग्नल बघ आधी.

सुगरणकाकू
ब्रिओश. मैदा पाव किलो, लोणी सव्वाशे ग्रॅम, अंडी तीन, साखर दोन चमचे, यीस्ट एक चमचा, मीठ, कोमट दूध लागेल तसं. लोणी शेवटी थोडं थोडं घालत मळायचं, हाताला चिकटेल, घाबरायचं नाही. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी आकार देऊन फुगू द्यायचं आणि भाजायचं.

चिंगीची_आई
मंडळी, शनिवार पार पडला. हरलो! २३ विरुद्ध १९. पण बाई म्हणाल्या दरवर्षी चाळीस विरुद्ध दोन असतं.

उभी राहिली आणि पहिलं वाक्य, "महोदय, बचाव पक्षाला तीन दिवसांची मुदत हवी." न्यायाधीश झालेला मुलगा गडबडला, बाईंकडे बघायला लागला, बाई म्हणाल्या नाकार. मग ही म्हणाली "तेव्हाही नाकारली होती" आणि खाली वहीकडे न बघता बोलत सुटली. केकवर पोरं हसली, हिशेबनीसांचे सहा टक्के फळ्यावर लिहिले. सरकारी वकिलाने शेवटी पत्राचा मुद्दा काढला (कुठून मिळाला देव जाणे, तर्रीभाऊ तुम्ही नाही ना?) तर ही म्हणे कागद दाखव. त्याच्याकडे मोबाइलचा स्क्रीनशॉट होता. बाईंनी ग्राह्य धरला.

नागपुरी_तर्री
आई शप्पथ मी नाही. पण त्या पोराला माझ्याकडून एक प्लेट तर्री-पोहे.

काळाकोट
स्क्रीनशॉट ग्राह्य धरला? अपील करा.

चिंगीची_आई
काकू, पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, सकाळी बघतेय तर जसंच्या तसं, फुगलंच नाही. यीस्ट जुनं असेल का?